हार्डवेअर वॉलेट घेण्याआधी हातातला फोन बघा

मागच्या दिवाळीत माझ्या मामेभावाने हौसेने हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं उपकरण, मागवलं. त्याच्याकडे टाइप-सीवाला आयफोन, वॉलेटची केबलही टाइप-सी. केबल नीट बसली, वॉलेटचा पडदा उजळला आणि पुढे काहीच होईना. दोन दिवस केबली बदलून झाल्या, ॲप काढून पुन्हा टाकून झालं. मग मला फोन: "दादा, पीस खराब आलाय बहुतेक." पीस चांगला होता. ते मॉडेल आयफोनवर चालतच नाही, आणि हे पैसे भरण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं.

मला धक्का बसला तो त्याच्या पुढच्या वाक्याने. मधल्या वेळात त्याने वॉलेट लॅपटॉपला जोडून सुरू केलं होतं, थोडे बिटकॉइन त्यावर घेतले होते आणि "हरवायला नको म्हणून" ते पैसे परत मिळवून देणाऱ्या चोवीस गुप्त शब्दांचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवला होता. हजारो रुपये मोजून घेतलेली सुरक्षा त्या एका फोटोत गेली. त्या संध्याकाळी त्याला जे जे सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही, हा या लेखाचा विषय नाही. घातले असतील तर ते चोरीला जाऊ नयेत, एवढंच बघायचं आहे.

आत नाणी नसतात, किल्ली असते

बिटकॉइन वॉलेटच्या डबीत नसतात. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या एका सार्वजनिक नोंदवहीत, नोंदलेले असतात, जशी जमीन गावात असते आणि आपल्या हातात सातबारा. आपल्याकडे असते ती खाजगी किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठा गुप्त आकडा. तो ज्याच्याकडे, त्याचे पैसे. फरक इतकाच की सातबारा हरवला तर पुन्हा काढून मिळतो. इथे तलाठीच नाही.

साध्या मोबाइल वॉलेटमध्ये ही किल्ली फोनमध्येच राहते. म्हणजे ज्या फोनवर आपण रील बघतो, लग्नपत्रिकांच्या फाइली उघडतो आणि मुलांना गेम खेळायला देतो, त्याच फोनमध्ये. हार्डवेअर वॉलेट ही किल्ली वेगळ्या छोट्या उपकरणात तयार करतं आणि तिथून बाहेर पडू देत नाही. फोनवरचं ॲप कोणाला किती पाठवायचे ते लिहून उपकरणाकडे देतं, उपकरण आतल्या आत सही करतं आणि सही केलेला व्यवहार परत देतं. फोन हा टपाल्या. पाकीट नेतो, आणतो. सही त्याची नव्हे. पहिलं असं उपकरण २०१४ मध्ये प्रागच्या सातोशीलॅब्स या कंपनीने विकायला काढलं. नाव ट्रेझॉर, चेक भाषेत अर्थ तिजोरी. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लेजर ही कंपनी सुरू झाली. आज नवखा माणूस दुकानात बघतो ती बहुतेक उपकरणं या दोघांची किंवा त्यांच्या वाटेने गेलेल्यांची.

एक गोष्ट मनात पक्की करा, पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. आपल्या फोनमध्ये व्हायरस शिरलेला आहे असं गृहीत धरायचं. मग फोनच्या पडद्यावर जे दिसतं ते खोटं असू शकतं, आणि खरं सांगणारा एकच साक्षीदार उरतो: वॉलेटचा स्वतःचा छोटा पडदा.

पायरी १: फोन कोणता, त्यावरून वॉलेट

फोन आणि वॉलेट एकमेकांशी चार रस्त्यांनी बोलतात: केबल, ब्लूटूथ, एनएफसी (फोनला टेकवून जोडणं) आणि क्यूआर कोड. कोणता रस्ता तुमच्या फोनला खुला आहे हे आधी ठरवा, ब्रँड नंतर.

केबलने सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. आयफोन १५ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, आयफोनला टाइप-सी आलं. त्यामुळे लोकांना वाटतं, भोक जुळलं म्हणजे काम झालं. पण ॲपने केबलवरून वाटेल त्या उपकरणाशी बोलावं, ही मोकळीक आयफोनची प्रणाली देत नाही. म्हणून लेजर नॅनो एस प्लस किंवा ट्रेझॉर सेफ ३ ही केबलवाली उपकरणं आयफोनला जोडून पैसे पाठवता येत नाहीत. चार्जिंगपुरता प्रवाह जातो, पडदा उजळतो, आणि माणूस मामेभावासारखा दोन दिवस केबली बदलत बसतो. आयफोन असेल आणि लॅपटॉप नसेल, तर केबलवालं मॉडेल घेऊच नका.

अँड्रॉइडवर केबल चालते, पण तिथेही दोन खड्डे आहेत. पहिला केबलचाच. घरात पडलेल्या बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. डब्यातली केबल एका टोकाला जुन्या चौकोनी यूएसबीची निघाली, तर ओटीजी जोडणी, म्हणजे फोनला पेनड्राइव्हसारखं उपकरण लावू देणारा अडॅप्टर, लागेल. दुसरा खड्डा आपल्याकडच्या फोनचा: ओप्पो, रिअलमी, वनप्लस, व्हिवोच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन हाताने चालू करावं लागतं. त्यातल्या कित्येकांत ते दहा मिनिटं वापर नसला की आपोआप बंद होतं. वॉलेट मधूनच गायब झालं, तर ते बिघडलंय असं समजण्याआधी हे बघा. विकत घेण्याआधी तपासण्याची सोपी युक्ती सांगतो. घरातला पेनड्राइव्ह फोनला लावा. त्यातल्या फाइली दिसल्या, तर तुमचा फोन केबलवाल्या वॉलेटशी बोलू शकेल अशी चांगली शक्यता आहे.

ब्लूटूथवालं वॉलेट आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालतं. लेजरने २०१९ मध्ये नॅनो एक्स आणलं, ते याच कारणाने फोनवाल्यांत पसरलं. नंतरची स्टॅक्स आणि फ्लेक्सही तशीच. २०२५ मध्ये ट्रेझॉरने सेफ ७ आणि स्वित्झर्लंडच्या बिटबॉक्सने नोव्हा ही मॉडेलं काढली, त्यांनीही आयफोनचा अडसर ब्लूटूथनेच सोडवला. अँड्रॉइडवर जोडणी होत नसेल, तर परवानग्या बघा. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथची उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, आणि लोकेशन चालूही असावं लागतं. लोक घाबरून ती नाकारतात आणि मग वॉलेट सापडत नाही. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी जवळच्या उपकरणांची वेगळी परवानगी आहे. एकदा जुळलेलं वॉलेट अचानक जुळेनासं झालं, तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून ते काढून टाका, ॲपमधूनही काढा आणि नव्याने जोडा. जोडताना फोनवर आणि वॉलेटवर जो आकडा येतो, तो दोन्हीकडे सारखा आहे ना हे बघूनच होकार द्या.

"हवेतून किल्ली चोरली तर?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. ब्लूटूथवरून किल्ली जातच नाही. जातो तो व्यवहाराचा मजकूर आणि त्यावरची सही, आणि दोन्ही पुढे ब्लॉकचेनवर साऱ्या जगाला दिसणारच आहेत. ब्लूटूथमध्ये खोट निघाली, तरी चोराला वॉलेटचं बटण दाबता येत नाही. तरीही मनाला पटत नसेल, तर केबल किंवा क्यूआर निवडा. पैशाच्या बाबतीत रात्रीची झोप लागणं हेही कारण पुरेसं आहे.

एनएफसीवालं म्हणजे टँजमसारखं कार्ड. फोनच्या पाठीला टेकवलं की काम होतं. चार्जिंग नाही, केबल नाही. पण आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त फोनमध्ये एनएफसी नसतंच, ते सेटिंगमध्ये शोधून बघा. माझी खरी अडचण मात्र वेगळी आहे: कार्डाला पडदा नाही. पैसे कुठे चाललेत हे फोनच सांगणार आणि आपण फोनवरच विश्वास ठेवणार. किल्ली कार्डात सुरक्षित राहते, हे खरं. पण फोनने पैसे पाठवायचा पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरांची रांग, बदलून दाखवला, तर सांगणारं कोणी नाही. थोड्या रकमेसाठी ठीक. आयुष्यभराची पुंजी मी त्यावर ठेवणार नाही.

क्यूआरवालं वॉलेट, उदाहरणार्थ कीस्टोन, व्यवहार करताना फोनला जोडतच नाही. फोन पडद्यावर क्यूआर दाखवतो, वॉलेटचा कॅमेरा तो वाचतो, सही करतो आणि स्वतःचा क्यूआर दाखवतो, तो फोन वाचतो. कॅमेरा चांगला असला की फोन कोणताही चालतो. थोडं हळू चालतं, पण काय आलं आणि काय गेलं ते डोळ्यासमोर राहतं.

यानंतर एकच काम उरतं. तुमच्याकडची नाणी ते वॉलेट सांभाळतं का, आणि फोनवरच्या ॲपमध्ये सांभाळतं की फक्त संगणकावर, हे कंपनीच्या साइटवर तपासा. काही मॉडेलं फक्त बिटकॉइनची असतात.

पायरी २: कुठून घ्यायचं

कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा कंपनीने साइटवर नाव दिलेल्या विक्रेत्याकडून. सेकंडहँड नको, ओळखीच्याकडून नको, "अर्ध्या किमतीत सीलबंद" तर मुळीच नको.

हे का, त्याची एक खरी गोष्ट. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी एक बनावट ट्रेझॉर मॉडेल टी उघडून तपासला. जाहिरातींच्या साइटवरून घेतलेला, डबा आणि होलोग्राम अगदी अस्सल वाटावेत असा. आतली चिप बदललेली होती. नवं वॉलेट तयार केल्यासारखं दिसायचं, प्रत्यक्षात ते चोराने आधीच ठरवलेल्या वीस शब्दसंचांपैकी एक उचलून द्यायचं. मालकाचे १.३३ बिटकॉइन गेले, आणि गेले त्या दिवशी त्याने वॉलेटला हातही लावला नव्हता. त्याआधी २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये लिलावाच्या साइटवर विकलेल्या लेजरच्या डब्यात स्क्रॅच कार्ड होतं. खरवडा आणि आतले शब्द वापरा, अशी सूचना. ते शब्द अर्थातच विकणाऱ्याला माहीत होते.

आणखी एक. मागवताना तुम्ही नाव, फोन आणि घरचा पत्ता देता. २०२० मध्ये लेजरच्या विक्रीखात्यातून सुमारे दहा लाख ग्राहकांचे ई-मेल आणि त्यांपैकी सुमारे २,७२,००० जणांची नावं, पत्ते आणि फोन नंबर फुटले आणि डिसेंबरमध्ये ते उघड्यावर आले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी टपालाने बनावट वॉलेट आली, सोबत "तुमचं जुनं असुरक्षित आहे, हे वापरा" असं पत्र. म्हणून मी नेहमी सांगतो: जमलं तर ऑफिसच्या पत्त्यावर मागवा, आणि या कामासाठी वेगळा ई-मेल ठेवा. न मागवता घरी आलेलं वॉलेट ही भेट नसते.

पायरी ३: डबा उघडल्यावर

होलोग्रामवर विसंबू नका, तो छापून मिळतो. दोन गोष्टी बघा. वॉलेट कोरं आहे का: पिन आधीच असेल किंवा शब्द लिहिलेला कागद आत असेल, तर तिथेच थांबा आणि परत करा. शब्द नेहमी तुमच्यासमोर, वॉलेटच्या पडद्यावर, पहिल्यांदा तयार व्हायला हवेत. दुसरं, ॲपमधली अस्सलपणाची तपासणी पूर्ण होऊ द्या. चांगल्या उपकरणांत आतली चिप स्वतःची ओळख पटवते. फर्मवेअर, म्हणजे वॉलेटच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं करायला सांगितलं तर करा, पण पैसे टाकण्याआधीच.

ॲप गुगलवर नाव शोधून उतरवू नका. जाहिरातीची लिंक वर येते आणि ती खरी असतेच असं नाही. कंपनीच्या साइटचा पत्ता डब्यातल्या कागदावरून हाताने टाइप करा आणि तिथल्या लिंकने स्टोअरमध्ये जा. स्टोअरमध्ये आहे म्हणजे खरं, असंही धरू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये लेजरच्या नावाचं बनावट ॲप सापडलं. त्यात लोकांनी शब्द टाकले आणि सुमारे १६.८ बिटकॉइन गेले.

पायरी ४: ते शब्द

इथे घाई नको. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा, अर्धा तास काढा.

वॉलेट बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवेल. ते २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. ही पद्धत २०१३ मध्ये मांडली गेली आणि तिचं नाव बीआयपी ३९. या शब्दांतून तुमच्या सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार होतात. म्हणून एका कंपनीचं वॉलेट मोडलं, तर हीच पद्धत मानणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं घेऊन तेच शब्द भरता येतात. शब्द म्हणजेच पैसे. उपकरण हरवलं तर ते पुन्हा विकत मिळेल.

कागदावर क्रमांक घालून, रोमन लिपीत, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा. देवनागरीत लिहू नका. उच्चार राहील पण स्पेलिंग हरवेल. मी एका काकांना अशा यादीशी झुंजताना बघितलंय आणि ते बघणं फार त्रासाचं होतं. पेन्सिल किंवा न पसरणारी शाई वापरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदाला बुरशी धरते, कसर लागते, कोकणात तर वाळवीसुद्धा. म्हणून रक्कम मोठी असेल तर स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्या, आणि ते स्वतःच्या हाताने, दुकानदाराकडून नव्हे. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी आहेत, त्यामुळे चारच ठोकली तरी पुरतात.

फोटो नाही. स्क्रीनशॉट नाही. नोट्स, ई-मेल, गुगल ड्राइव्ह, स्वतःलाच पाठवलेला मेसेज, काही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीने स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघड केला. गुगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरमधल्या काही ॲपमध्ये तो दडलेला होता आणि गॅलरीतल्या फोटोंतला मजकूर वाचून असेच शब्द शोधत होता. एकट्या गुगल प्लेवरून ती ॲप २,४२,००० पेक्षा जास्त वेळा उतरवली गेली होती. फोटो नंतर पुसून भागत नाही, कारण तोवर तो बॅकअपमध्ये गेलेला असतो. मामेभावाच्या बाबतीत आम्ही दुसरं काहीच केलं नाही. वॉलेट पुसून नवे शब्द काढले आणि नवा पत्ता लिहून घेतला, मग जुने शब्द भरून तिथले पैसे त्या नव्या पत्त्यावर हलवले आणि शेवटी वॉलेटमध्ये पुन्हा नवे शब्द भरले. तुमच्याकडून असा फोटो निघाला असेल, तर आजच हे करा.

शब्द कधीही फोनवर किंवा संगणकावर टाइप करायचे नाहीत. भरायची वेळ आलीच, तर वॉलेटच्या बटणांवर किंवा पडद्यावरच. कोणतीही कंपनी, कोणताही मदत केंद्राचा माणूस, कोणताही सरकारी अधिकारी खऱ्या कारणासाठी ते मागत नाही.

शब्दांचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी ठेवण्याची हुशारी टाळा. एक तुकडा गेला की सगळं गेलं. तुकडेच हवे असतील, तर त्यासाठी बनवलेली पद्धत वापरा. ट्रेझॉरच्या नव्या मॉडेलांत ती सोय आहे. आपल्याकडे गुरुग्रामच्या सायफरॉकने तर वॉलेटच तसं बनवलंय: किल्लीचे पाच भाग, एक उपकरणात आणि चार कार्डांत, आणि त्यातले कोणतेही दोन असले की काम होतं.

पायरी ५: पिन, आणि पासफ्रेजबद्दल थोडं

पिन वॉलेटवरच टाका. फोनचा किंवा एटीएमचा पिन नको, जन्मतारीख नको. लेजरवर तीन वेळा चुकलं की उपकरण स्वतःला पुसून टाकतं. शब्द असतील तर काही बिघडत नाही.

पिनला मर्यादा आहे, हेही सांगायला हवं. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकन या एक्सचेंजच्या, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, सुरक्षा विभागाने दाखवलं की ट्रेझॉर वन आणि मॉडेल टी हातात पंधरा मिनिटं मिळाली, तर चिपच्या विद्युतदाबाशी खेळ करून आतले शब्द काढता येतात. नंतरच्या सेफ मालिकेत म्हणूनच वेगळी सुरक्षा चिप आली. जुनं उपकरण वापरत असाल, तर ते कुठे ठेवता याकडे लक्ष द्या.

यावर एक उपाय पासफ्रेज, म्हणजे शब्दांवर तुम्ही जोडलेला आणखी एक गुप्त शब्द. पण पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. पासफ्रेज चुकली तर वॉलेट "चूक" म्हणत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. शिलकीत शून्य बघून पोटात गोळा येतो. कॅपिटल अक्षराचाही फरक पडतो.

पायरी ६: पुसून बघा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि मी हिच्यावरच हटून बसतो. आधी अगदी थोडी रक्कम वॉलेटवर घ्या. मग वॉलेट मुद्दाम पुसा. हो, खरंच पुसा. आता कागद समोर ठेवून शब्द भरा. रक्कम पुन्हा दिसली, म्हणजे तुमचा कागद बरोबर आहे. नाही दिसली, तर ही चूक काही रुपयांत कळली. एखादा शब्द वाईट अक्षरामुळे दुसराच वाचला जाणं नेहमीचं आहे.

पायरी ७: पैसे घेणं आणि पाठवणं

भारतातल्या प्रत्येक एक्सचेंजवरून नाणी बाहेर काढता येतातच असं नाही. विकत घेण्याआधी ते बघून घ्या. आणि खरेदीच्या नोंदी उतरवून ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. नाणी वॉलेटवर नेल्याने हे टळत नाही. उलट दोन वर्षांनी विकताना खरेदीचा दर तुम्हालाच दाखवावा लागतो.

पैसे घेताना ॲप पत्ता दाखवतं. तो लगेच कॉपी करू नका. वॉलेटच्या पडद्यावरही तोच पत्ता उघडा आणि दोन्ही ताडून बघा. बिटकॉइनचा नव्या पद्धतीचा नेहमीचा पत्ता ४२ अक्षरांचा, इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनचाही ४२ अक्षरांचा. पहिली चार आणि शेवटची चार बघून पुढे जाण्याची सवय वाईट. चोर मुद्दाम टोकं जुळणारे पत्ते बनवतात आणि तुमच्या व्यवहारांच्या यादीत क्षुल्लक रक्कम टाकून ते पेरून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही यादीतून चुकीचाच उचलाल. पूर्ण वाचा, एकदा मोठ्याने वाचा. नेटवर्कही बघा: ट्रॉन या ब्लॉकचेनवरचे डॉलर-टोकन (डॉलरच्या भावाला बांधलेली नाणी) आणि इथेरियमवरचे, नाव एकच असलं तरी रस्ते वेगळे. आधी थोडी रक्कम, ती पोचली की बाकीची.

पाठवताना वॉलेटचा पडदा पत्ता, रक्कम आणि शुल्क दाखवतो. तिथे वाचा, मग बटण दाबा. पडद्यावर समजेल असं काहीच नसेल, नुसती आकडे-अक्षरांची रांग असेल, तर त्याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात, डोळे बांधून सही. नवख्याने ते सेटिंग बंदच ठेवावं. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मुंबईत सुरू झालेलं वझीरएक्स. १८ जुलै २०२४ ला तिथून २३ कोटी डॉलरहून जास्त रकमेची नाणी गेली. कंपनीने सांगितलं त्याप्रमाणे, सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती, आणि संगणकाच्या पडद्यावर दिसलेला व्यवहार व प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार यांत फरक होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजवर तसाच घाव पडला, सुमारे १५० कोटी डॉलरचा. तिथेही किल्ली कोणी चोरली नाही. खऱ्या माणसांनी खऱ्या वॉलेटवर खरीच सही केली, पण काय लिहिलंय ते त्यांना दिसत नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं हे होतं, तर आपण एका पत्त्याचं वाचन दोन मिनिटं जास्त केलं तर काय बिघडतं?

पायरी ८: फोन गेला, बिघडला, बदलला

घाबरू नका. ॲपमध्ये पैसे नव्हतेच. नव्या फोनवर ॲप उतरवा, वॉलेट जोडा, सगळं पुन्हा दिसेल. फोन दुरुस्तीला दिला तरी किल्ली त्यात नाही. वॉलेट खणात दोन वर्षं पडून बॅटरी बसली, तर केबल लावून चालेल.

रोजच्या वापरात मात्र फोन स्वच्छ ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन ज्या फाइलमध्ये येतं, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ते ॲप आहे, पत्रिका नव्हे. उघडू नका. स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगणाऱ्याचा फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. क्रिप्टोचा व्यवहार उलटवता येत नाही, पण पैसे एखाद्या एक्सचेंजवर पोचले असतील तर ते गोठवण्याची संधी असते, आणि ती वेळेवरच टिकते.

पायरी ९: घरात कोणाला तरी माहीत हवं

तुमच्यानंतर हे पैसे कोणाला मिळतील? बँकेत वारस कागद घेऊन जातो. इथे कागद म्हणजे ते शब्द, आणि ते सापडले नाहीत तर पैसे कायमचे गेले. घरच्या एका विश्वासू माणसासाठी पत्र लिहा: वॉलेट कुठे आहे, कोणत्या कंपनीचं, ॲपचं नाव काय, आधी कोणाला विचारायचं, कोणालाही शब्द वाचून का दाखवायचे नाहीत. पत्रात शब्द लिहू नका. ते वेगळ्या जागी ठेवा आणि जागा तोंडी सांगा. मग त्या माणसाच्या हातात जुनं किंवा रिकामं वॉलेट द्या, सरावासाठी वेगळे शब्द काढा आणि त्याला करू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

मामेभावाच्या घरी हे काम वहिनींकडे आलं. त्यांना यातलं काही आवडत नाही, आजही नाही. पण गेल्या महिन्यात त्यांनी चष्मा लावून, एकेक शब्द बोटाने मोजत, चोवीसही भरले. अकरावा एकदा चुकला, वॉलेटने तो घेतला नाही, त्यांनी परत बघून बरोबर केला. पाऊण तास लागला. मामेभाऊ तेवढा वेळ गॅलरीत उभा होता, कारण मी त्याला आत येऊ दिलं नाही.